डोळ्यांपुरते दर्शन

सहलीच्या बसवर मराठीत 'दर्शन' असे लिहिलेले असते. मुंबई दर्शन, पुणे दर्शन, नाशिक दर्शन. सकाळी निघायचे, दुपारच्या जेवणापर्यंत परतायचे, मधल्या वेळात चार वास्तू, दोन बागा आणि एखादे देऊळ उरकायचे. आळंदीहून अठरा-वीस दिवस चालत पंढरपूरला पोचलेला माणूस रांगेच्या टोकाला जे घेतो, त्याचेही नाव तेच. सांख्य, न्याय, वेदान्त या विचारपद्धतींनाही आपल्या परंपरेने दर्शनेच म्हटले. डोळ्यांनी पाहणे, देवापुढे उभे राहणे आणि जगाचा उलगडा करणे ही तिन्ही कामे एका शब्दाच्या घरात पूर्वीपासून नांदत आली आहेत. त्यात तिकीट काढून शहर बघणे हा चौथा भाडेकरू शिरला, याचे फार आश्चर्य वाटायला नको. पण तो शिरल्यामुळे घरात काय बदलले, हा प्रश्न धर्माचा आहे आणि थोडा तत्त्वज्ञानाचाही. अर्ध्या दिवसाच्या फेरीत माणसाला जे मिळते त्याला दर्शन म्हणता येईल का? येत नसेल, तर नेमके कशामुळे?

सहसा दिली जाणारी उत्तरे तीन आहेत आणि तिन्ही लंगडी आहेत. घाई फार असते, हे पहिले. सगळा पैशाचा व्यवहार असतो, हे दुसरे. गाइड तोंडपाठ माहिती ओततो आणि लोक ती निमूट गिळतात, हे तिसरे. जुन्या यात्रेत यातले काहीच नव्हते असे समजून ही उत्तरे दिली जातात. महाभारताच्या वनपर्वातले तीर्थयात्रापर्व उघडून पाहावे. पुलस्त्य ऋषी भीष्माला तीर्थे सांगतात आणि ते सगळे नारद युधिष्ठिराला ऐकवतो. तिथे तीर्थांची नुसती रांग लागलेली आहे: इथून तिथे जावे, तिथे हे करावे, त्याचे फळ अमुक, मग पुढचे. आजच्या सहल कंपनीचे पत्रक याहून ऐसपैस वाटेल. पैशाचे म्हणाल, तर वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल या आशेने. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक आपल्याला प्रिय आहे, कारण त्यात पुण्य, पोट आणि कुतूहल यांची सरमिसळ लपवलेली नाही. आणि तोंडपाठ माहिती? क्षेत्रोपाध्याय यजमानाला नगरप्रदक्षिणेला नेताना दुसरे काय करत होते? पंढरपुरात बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांविषयीच्या तक्रारी इतक्या साचल्या की 1973 साली त्यासाठी कायदा करावा लागला, आणि त्या कायद्यावर शेवटचे शिक्कामोर्तब सर्वोच्च न्यायालयात व्हायला 2014 उजाडले. यात्रेकरू शुद्ध आणि पर्यटक भ्रष्ट, ही वाटणी इतिहासापुढे टिकत नाही.

मग फरक कुठे आहे? तो पुलस्त्यांच्या यादीतल्या क्रियापदांत आहे. तिथे 'पाहावे' हे क्रियापद तुरळक भेटते. भेटते ते स्नान करावे, उपवास करावा, रात्र काढावी, पितरांना पाणी द्यावे. तीर्थ शब्दाचा मूळ अर्थच नदीचा उतार, पाण्यात पाय घालायची जागा. मराठीने तर त्याला आणखी अंगाजवळ आणले: आपण तीर्थ 'घेतो', तळहाताच्या खोलगट्यात, आणि पिऊन उरलेला ओलावा डोक्याला पुसतो. म्हणजे यात्रा हा शरीराने करायचा विधी होता. पाय, खांदे, पोट, कातडी सगळ्यांना त्यात काम होते, आणि डोळ्यांची पाळी शेवटी येई. गोडसे भटजींनी परतताना काय आणले? गंगेच्या पाण्याची कावड, खांद्यावरून, आईवडिलांना स्नान घालण्यासाठी. पंढरपुरात आजही पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. आषाढीला जिला यातले काहीच साधत नाही, ती बाई बाहेरूनच कळसाला हात जोडून परतते आणि तिची वारी पुरी होते. हे कळसदर्शन मुंबई दर्शनाच्या बसच्या कोणत्याही थांब्याहून तोकडे आहे. सेकंदात मोजावे इतके. तरी त्याला कोणी उथळ म्हणत नाही, कारण त्या सेकंदामागे चालून सुजलेले पाय आहेत आणि चंद्रभागेत घेतलेली बुडी आहे. तेव्हा अर्ध्या दिवसाच्या फेरीवरचा आक्षेप वेळेचा नव्हेच. त्या फेरीत डोळे सोडून बाकी सगळे शरीर बसच्या सीटवर ठेवलेले असते, आक्षेप त्याला आहे. आणि जागेला फक्त डोळे दिले की जागेकडूनही फक्त देखावा मिळतो. तिच्या पाण्याशी, वासाशी, मातीशी आपले देणेघेणे उरत नाही.

मराठीतल्या सर्वांत जुन्या स्थळवर्णनात हे फार स्पष्ट दिसते. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' ही एका अर्थी आपल्याकडची पहिली मार्गदर्शिका. पंथाचे प्रवर्तक चक्रधर कुठे उतरले, कुठे बसले, देवळाचे दार कोणत्या दिशेला, अमुक जागा तमुक झाडापासून कुणीकडे, हे तिने इतक्या रोखठोक गद्यात नोंदले आहे की हातात पोथी घेऊन माणूस नेमक्या जागी पोचावा. पण ती जागा सुंदर आहे म्हणून, प्राचीन आहे म्हणून किंवा राजाने बांधली म्हणून पोथीत आलेली नाही. तिला मान आहे तो संबंधाचा. तिथे त्या शरीराचा स्पर्श झाला होता, एवढेच. एखादा साधा ओटा स्थान ठरतो आणि त्यावर डोके टेकले जाते. मूर्तिपूजेपासून दूर राहणाऱ्या पंथाने जागांची इतकी काळजी घ्यावी, यात विसंगती नाही. पाहण्याजोगे काही नसलेल्या जागेलाही जपता येते, फक्त जपण्याचे कारण डोळ्यांत नसून स्पर्शात असावे लागते. सहलीच्या यादीत मात्र पाहण्याजोगे काही नसलेली जागा येऊच शकत नाही. तिची पहिली अट 'प्रेक्षणीय' ही आहे.

मुंबई दर्शनातला मलबार हिलचा थांबा घ्या. हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, आणि समोर कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अल्बममध्ये ही दोन ठिकाणे आहेत. प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपे, वरून दिसणारी चौपाटीची कमान, फोटो. आता, हँगिंग गार्डन ज्यावर आहे ते पाण्याचे टाके आहे. दक्षिण मुंबई ज्या पाण्यावर जगते त्याचा साठा त्या हिरवळीखाली आहे, आणि ते पाणी शंभरएक किलोमीटरवरून, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर भागातल्या धरणांतून येते. बागेतून हिंडणारा माणूस अक्षरशः पाण्यावरून चालत असतो आणि बाग इतकी चांगली राखलेली असते की त्याला त्याचा पत्ता लागत नाही. तिथून उतरून गेले की वाळकेश्वराची बाणगंगा लागते. तिची परंपरा शिलाहार काळापर्यंत नेली जाते. सर्वपित्री अमावास्येला तिथल्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मोठी बस वरच उभी राहते, बाणगंगा खाली राहते. योगायोग म्हणून सोडून द्यावे इतके हे साधे नाही. टेकडीवर पाण्याच्या दोन जागा आहेत. एकीत माणसे हात घालतात, दुसरीवर बाग घातली आहे. फेरीने निवडली ती दुसरी.

हाच हिशेब मुंबईपासून दूर, लोकलच्या कर्जत बाजूला मांडून पाहावा. कल्याण सुटले की विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. पहिल्याच स्थानकाच्या नावात पांडुरंग. असे समजू की रविवारी सकाळी विठ्ठलवाडीहून एक 'दर्शन' बस निघाली. तिची यादी करायला वेळ लागणार नाही. शहाडचे बिर्ला मंदिर, विठ्ठल-रखुमाईचे. स्वच्छ आवार, बाग, फोटोला उत्तम. मग उल्हासनगरातले चालिया मंदिर. मग अंबरनाथचे शिवमंदिर, आणि वेळ उरला तर बदलापूरकडे बारवी धरण किंवा कोंडेश्वर. अर्ध्या दिवसात आरामात होईल. आणि यादी चुकीची आहे असेही म्हणता येणार नाही. या पट्ट्यात पाहण्यासारखे दुसरे काय, असे इथलेच लोक विचारतील. अंबरनाथचे देऊळ तर कोकणातल्या कोणत्याही यादीत पहिल्या ओळीत बसेल. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाच्या काळात त्याची सुरुवात झाली असे मानतात; शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा, मुम्मुणीच्या राजवटीतला. भूमिज शैलीतले, बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा रिकामी न सोडलेले. गाइड आधी सांगेल की पांडवांनी बांधले. पुरातत्त्व खात्याचा फलक वेगळे सांगेल. या भांडणात पडायचे कारण नाही. पाहायचे ते हे की दोघेही पाहुण्याला बाहेरच्या भिंतीपाशीच उभे करतात.

या देवळाचा आराखडा मात्र काही वेगळेच सुचवतो. गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. बाहेर नजर ठरत नाही इतकी शिल्पे आणि आत, खाली, जवळजवळ काहीच नाही: थोडा अंधार, गारवा, जमिनीलगतचे लिंग. बाहेरचे सगळे डोळ्यांसाठी आणि शेवटचे पावलांसाठी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जितके कळते तितके कॅमेऱ्याला कळत नाही. देवळाची दुसरी बाजू पाण्याची. ते वालधुनीच्या काठावर बांधले, कारण काठाशिवाय तीर्थ होत नाही. सरकारच्या सांगण्यावरून 1868 साली इथे रेखाटनांची आणि साचे घेण्याची मोठी मोहीम झाली. त्या कामाचे मोल मोठे. देऊळ अभ्यासाचा विषय झाले ते तेव्हापासून. पण साचा भिंतीचा घेता येतो, नदीचा घेता येत नाही. देऊळ आणि नदी यांची फारकत व्हायला तिथून सुरुवात झाली असे म्हटले तर फार चुकणार नाही: देऊळ 'वास्तू' झाले आणि वास्तूशेजारून जे वाहते ते नुसते वाहते राहिले.

आज वालधुनीला नदी म्हणताना लोक अडखळतात. अंबरनाथच्या कारखान्यांचे सांडपाणी, उल्हासनगरातल्या जीन्स रंगवण्याच्या धंद्याचे पाणी, वस्त्यांची गटारे, सगळे तिने पोटात घेतले आहे. 2014 च्या नोव्हेंबरात तिच्यात रसायन सोडले गेले आणि उठलेल्या वायूने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. प्रकरणे हरित लवादापर्यंत गेली, जीन्सचे कारखाने बंद झाले, पोटावर पाय आला तो वेगळाच. आणि या सगळ्या काळात शिवमंदिर प्रेक्षणीय स्थळांच्या यादीतून एक दिवसही उतरले नाही. कसे उतरणार? त्याच्या प्रेक्षणीयतेला नदीची गरजच नाही. महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी तरी वालधुनीत उतरते का? नाही. भाविकही आता पर्यटकासारखाच येतो. अभिषेकाचे पाणी नळाचे असते. म्हणून हा आक्षेप एकट्या पर्यटनावर ठेवून मोकळे होता येत नाही. डोळ्यांपुरते दर्शन हे धर्माच्या आतही रुजले आहे. बसवर तो शब्द रंगवणाऱ्या पेंटरने काही चोरले नाही. देवळातच तो हलका झाला होता, त्याने तो उचलला.

यावर सर्वांत जड आक्षेप असा येईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: ज्या पाण्याचे, स्पर्शाचे आणि शरीराचे गोडवे इथे गायले जात आहेत, तेच शतकानुशतके विटाळाचे हत्यार होते. चोखोबांना विठ्ठलाचा स्पर्श मिळाला नाही. त्यांची समाधी महाद्वारापुढे, बाहेर. पंढरपूरचे देऊळ सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावे लागले. दर्शन बसचे तिकीट मात्र जात विचारत नाही. तिथे सगळे सारखेच प्रेक्षक. मग डोळ्यांची समता ही स्पर्शाच्या विषमतेपेक्षा बरी नाही का? बरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पण तेवढ्यावर थांबण्यापूर्वी महाडला काय झाले ते आठवावे. चवदार तळे पाहायला कुणाला बंदी नव्हती. काठावरून जाताना ते सगळ्यांनाच दिसत होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर गेले ते पाहायला नव्हे. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले आणि प्यायले. त्यावर सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली, दावा लढवला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल यावे लागले. दोन्ही बाजूंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: जागेवरचा हक्क नजरेने सिद्ध होत नाही, हाताने होतो. ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी समता मागितली ती प्रेक्षकाची नव्हती. आजही महाडला येणारे लोक तळ्याशी उतरतात, पाण्याला हात लावतात. त्या अर्थाने चवदार तळे हे विसाव्या शतकातले मराठी मुलखातले सर्वांत खरे तीर्थ आहे, आणि ते एका कायदेपंडिताच्या ओंजळीतून झाले. स्पर्श नाकारण्याचा इतिहास स्पर्शाला खोटा ठरवत नाही; उलट तोच सांगतो की किंमत कशाला होती.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. स्नान करणाऱ्यांनी नद्या राखल्या कुठे? आषाढीनंतरचे चंद्रभागेचे वाळवंट पाहावे, कुंभानंतरची गोदावरी पाहावी. भाविकाच्या बुडीने पाणी शुद्ध होत नाही, घाणच होते. खरे आहे. पुण्य मिळवणाऱ्याला जागेची काळजी आपोआप सुचते असे मानणे भाबडेपणा आहे. पण इथे एक बारीक फरक राहतो. बुडी मारणाऱ्याला पाण्याची अवस्था न कळणे अशक्य असते. त्याच्या तोंडात ती चव जाते. तो काही करणार नाही कदाचित, पण त्याला खोटे सांगता येत नाही. 2016 साली राज्य सरकारला 'नमामि चंद्रभागा' अशा नावाची योजना काढावीशी वाटली ती चंद्रभागेच्या सौंदर्यामुळे नव्हे. लाखो माणसे त्या पाण्यात उतरणारच आहेत, ती उतरायची थांबणार नाहीत, या धाकामुळे. योजनेचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. वालधुनीला तसा धाक नाही. तिच्यात कुणाला उतरायचे नाही, म्हणून तिच्याविषयी कुणाला लाज वाटत नाही. आणि हो, कोंडेश्वरला पावसाळ्यात पोरे कुंडात उड्या मारतात, तेही शरीरानेच. दर वर्षी कुणी ना कुणी बुडते आणि पोलीस बंदी घालतात. नुसते अंग भिजले की तीर्थ झाले असे म्हणणे नाही. उपवास, नियम, हातापायांवर आणि मनावर ताबा असेल त्यालाच तीर्थाचे फळ, असे वनपर्वानेही बजावून ठेवले आहे. अंगाने जायचे म्हणजे अंगावर जबाबदारी घेऊन जायचे.

तिसरा आक्षेप अधिक जवळचा, कारण तो संतांचा आहे. तुकोबांपासून अनेकांनी तीर्थांतल्या दगडपाण्याची टर उडवली. देव अंतरात असेल तर पाय झिजवायचे कशाला आणि पाण्याचे कौतुक तरी कशाला? मग शरीराची ही वकिली म्हणजे कर्मकांडाकडे परतणेच नाही का? संतांचा रोख नीट पाहिला तर तसे दिसत नाही. ज्याने हे बोलून दाखवले तो स्वतः वारी सोडत नाही, ही गोष्ट महत्त्वाची. नामदेवांच्या तीर्थावळीत ज्ञानदेवांबरोबर मोठी यात्रा आहे, आणि त्या यात्रेभर नामदेवांचा जीव पंढरीत अडकलेला आहे. त्यांना तीर्थांचे वावडे नव्हते. अनेक जागा पाहून होण्यापेक्षा एका जागेशी बांधलेले असणे त्यांना जास्त वाटत होते. अरणचे सावता माळी तर पंढरपूरला गेलेच नाहीत असे सांगतात. त्यांचा विठ्ठल भाजीच्या वाफ्यात. म्हणून सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात आणि सावतोबांची येत नाही. पांडुरंगाची पालखीच अरणला जाते. बाग हा शब्द या लेखात आधीही आला, आणि प्रत्येक वेळी ती पाहायची बाग होती. सावतोबांची बाग खुरपायची होती. पाणी द्यायची, वाफे बांधायची, उन्हात वाकून करायची. तिथे दर्शनासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही, कारण हात मातीतच होते. संतांनी शरीर वजा केले नाही. यात्रेतून फुकाची पायपीट वजा केली, आणि जे उरले ते रोजच्या कामाला जोडले. अंतरंगाची भाषा बोलून एसी बसमध्ये बसणाऱ्याला त्यांचा दाखला देता येणार नाही.

उरला तो साधा माणुसकीचा आक्षेप. बदलापूर-अंबरनाथच्या माणसाचा आठवडा लोकलच्या दारात लटकून जातो. त्याला अर्धा रविवार मिळतो. त्यात म्हाताऱ्या आईला, पोरांना कुठेतरी नेऊन आणावे, चार चांगल्या जागा दाखवाव्यात, बागेत डबा खावा, यात कुणाचे काय बिघडले? काहीच नाही. आणि त्या आईसाठी तर घराबाहेर पडण्याची हीच एक सर्वमान्य सबब पूर्वीपासून होती. यात्रा म्हणूनही आणि आता दर्शन म्हणूनही. या फेरीला नाक मुरडणारा माणूस बहुधा स्वतः आठ दिवसांची रजा घेऊन कुठेतरी गेलेला असतो. प्रश्न लोकांनी जावे की नाही हा नाही. नेताना काय वगळले जाते, हा आहे.

विठ्ठलवाडीच्या बसला तर यासाठी लांब जायचीही गरज नाही, कारण ती ज्या शहरातून जाणार त्याची गोष्टच या प्रश्नाची आहे. दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प. फाळणीनंतर त्याच्या बराकींत सिंधमधून आलेली जवळपास लाखभर माणसे. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर पडले; वस्त्यांना मात्र लोक अजून कॅम्प एक, कॅम्प पाच असेच म्हणतात. या माणसांची नदी मागे राहिली होती. त्यांचा झूलेलाल हा पाण्याचा देव. त्याचे रूप सिंधूशिवाय कल्पिता येत नाही. तीर्थ म्हणजे पाहण्याची जागा एवढेच असते, तर सिंधूचा एक फोटो भिंतीवर लावून भागले असते. त्यांनी काय केले? चाळीस दिवसांचा चालिया धरला, उपास केले, सिंधमधून आणलेली म्हणून सांगतात ती ज्योत मंदिरात तेवत ठेवली, आणि बहराणा, म्हणजे झूलेलालच्या पूजेचे ताट, डोक्यावर घेऊन पाण्याकडे निघाले. जे पाणी समोर असेल त्याकडे. प्रेक्षणीय असे त्यात काही नव्हते. लष्कराने सोडलेल्या बराकी होत्या. नदी गमावलेल्या लोकांनी नदीशी असलेला व्यवहार तेवढा बरोबर आणला, आणि त्यांच्या वाट्याला शेजारी वालधुनी आली.

म्हणून ती बस खरोखर निघालीच, तर तिने शहाडला जाण्याआधी विठ्ठलवाडीतच, वालधुनीच्या पुलावर, पाच मिनिटे थांबावे. गाइडने सांगायचे एवढेच: हीच नदी वर अंबरनाथच्या देवळाला लागून येते, आपण नंतर तिथे जाणार आहोत. फोटो काढण्यासारखे तिथे काही नाही. खिडकीजवळच्या बाया पदर नाकाला लावतील, पोरे 'शी' म्हणतील, कुणीतरी मागून ओरडेल की गाडी पुढे घ्या. त्या सकाळी डोळे सोडून दुसऱ्या एखाद्या इंद्रियाने घेतलेली ती पहिली दखल असेल.